अंगणातली सरी

आमच्या घरापुढचा रस्ता वाढतो. दर दोन-तीन वर्षांनी डांबराची गाडी येते. जुनं कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवं ओततात आणि जातात. आनेकलच्या बाहेर मी हे घर बांधलं तेव्हा फाटकातून रस्त्यावर जायला एक पायरी उतरावी लागायची. आता रस्त्यावरून फाटकात उतरावं लागतं. आम्ही जागचे हललो नाही, तरी खड्ड्यात गेलो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला रस्त्यावरचं सगळं पाणी फाटकातून आत आलं आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं. बायको त्या पाण्यात घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला तो गेलाच. मुलगा बेळ्ळंदूरला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो धावत आला आणि म्हणाला, "अप्पा, पुरे झालं. आमच्याकडं चला."

"तुझ्या बेळ्ळंदुरात तर तळंच रस्त्यावर येतं."

"आम्ही अकराव्या मजल्यावर आहोत."

"मग खाली कसा उतरतोस, होडीनं?"

तो हसला नाही. म्हणाला, "पुढच्या वेळी उंबऱ्याच्या आत पाणी आलं, तर तुम्ही दोघं सामान घेऊन निघायचं. तेव्हा भांडण नको."

"सरी," मी म्हणालो. आम्ही इथले जुने मराठी, किती पिढ्यांचे ते आम्हालाच ठाऊक नाही. बरं, ठीक, चालेल, या सगळ्याला आमच्या तोंडात कानडी 'सरी'च बसलेलं आहे.

बोलून तर बसलो. माझा शब्द मी मोडत नाही, हे मुलाला माहीत होतं, म्हणून त्यानं तो घेतला. आता अंगणाचा उतार बदलल्याशिवाय घर राहणार नव्हतं. एका गुत्तेदाराला बोलावलं. तो म्हणाला, जेसीबी आणतो, पण फाटक पाडावं लागेल आणि जांभळाचं झाड काढावं लागेल. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

माझ्याकडं दोन ट्रॅक्टर होते. ट्रॅक्टर म्हटलं की लोकांना शेतातलं धूड दिसतं. हे तसले नव्हेत. बागेत चालवायला विलायतेत बनवलेले, म्हशीएवढी जागा अडवणारे, माझ्याच वयाच्या आसपासचे. चौथीत शाळा सोडून मी इथल्याच शहरातल्या शिवाजीनगरात एका वर्कशॉपात लागलो, तिथंच म्हातारा झालो. कुठल्यातरी जुन्या बंगल्याच्या हिरवळीवर जन्म काढलेली ही दोन धुडकी शेजारच्या गल्लीत भंगारात आली होती. तोडायला घेतली तेव्हा मी मधे पडलो. एकाला थोरला म्हणतो, एकाला धाकटा. थोरल्याला पुढं लोखंडी फळी बसवली, माती ढकलायला. त्याच्यात जोर भरपूर, पण ब्रेक नावालाच. तसला ब्रेक आता मिळत नाही. त्यावर मी उपाय काढला. दोघांची पाठ पाठीला करायची आणि मधे साखळी बांधायची. थोरला माती ढकलत पुढं जाणार, धाकटा तोंड उलटीकडं करून रिव्हर्समध्ये हळूहळू मागं सरकत त्याला धरून ठेवणार. थोरल्याचा ब्रेक म्हणजे धाकटा.

पण त्याला दोन माणसं लागतात. मुलगा म्हणाला, "मी असल्या खेळात नाही." सून म्हणाली, "मी येते."

सून सांगलीकडची, उसाच्या रानातली. तीही कॉम्प्युटरवरच काम करते, पण माहेरी ट्रॅक्टर चालवलेला. मला मामा म्हणते, त्यांच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. शनिवारी सकाळी ती दोघं आली. पावसाळा सरत आला होता, पण होसूरच्या बाजूला आभाळ काळं होऊन बसलं होतं. रोज संध्याकाळी कोसळत होतं, फक्त आमच्याकडं अजून जोरात आलं नव्हतं.

माझा बेत साधा होता. मधली माती ढकलून घराच्या भिंतीशी चढवायची. मग भिंतीकडून उतार बाहेर येईल, फाटकाकडून उतार आत येईल, दोन्ही मधे भेटतील, आणि तिथून सगळं अंगण डावीकडं शेजाऱ्याच्या भिंतीलगतच्या गटाराकडं कलेल. सगळं गुळगुळीत, तळहातासारखं. पायाला कळूसुद्धा नये.

सुनेनं अंगणात एक फेरी मारली आणि म्हणाली, "मामा, मधनं एक सरी काढू या की. नुसत्या उतारानं पाणी पसरतं. सरी असली की गुमान तिच्यातनं जातं."

सरी म्हणजे त्यांच्या शेतात दोन वरंब्यांमधली चर, उसाला पाणी द्यायची.

"हे अंगण आहे," मी म्हणालो. "तुझ्या बापाचं रान नव्हे. दारात नाला नको मला."

"बापाचं रान कधी तुंबलं नाही, मामा."

"सासूचा गुडघा बघितलास? रोज ती नाला ओलांडणार?"

ती धाकट्याकडं वळली. पण पटलं नव्हतं, ते तिच्या मानेवरून दिसत होतं. मलाही ती मान ओळखीची. आमच्या घरात तसली एकच होती आजपर्यंत, माझी.

दुपारपर्यंत काम नीट झालं. मी थोरल्यावर, ती धाकट्यावर. मी हात वर केला की ती सैल सोडायची, खाली केला की धरायची. भिंतीला माती चढत गेली. बायको ओसरीत खुर्ची टाकून बसली होती. मुलगा कानात यंत्र घालून कंपनीशी बोलत येरझारा घालत होता. मधेच थांबून आभाळ बघायचा, मग उंबरा बघायचा.

जेवणानंतर माझा उजवा खांदा गेला. फळी वरखाली करायचा दांडा त्याच बाजूला आहे. मी दोन्ही हातांनी ओढायला लागलो, तर सून धाकट्यावरून उतरून पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मामा, उतरा. मी बसते."

"ह्याला ब्रेक नाही."

"तुम्ही आहात की मागं."

उतरलो. उतरावंच लागलं. मुलगा बघत होता आणि वरून गडगडत होतं.

शेवटचं काम उरलं होतं, तेच नाजूक. मधल्या खोलगट रेषेवरून उजवीकडून डावीकडं एक फळी मारायची, थेट गटारापर्यंत. गटारापलीकडं लगेच शेजाऱ्याची भिंत. शेजारी सकाळपासून भिंतीवरून डोकं काढून उभा होता. "अण्णा, गोडे जोपान!" म्हणाला. म्हणजे, भिंत सांभाळा. गटारात पाणी न्यायला त्याची ना नव्हती, पण भिंतीला धक्का लागला असता तर इतक्या वर्षांची ओळख संपली असती.

मी धाकट्यावर बसलो. माझं तोंड दुसरीकडं, पाठ तिच्याकडं. साखळी ताणली. दोन्ही इंजिनांचा आवाज एकात एक मिसळला. ती निघाली, मी मागं सरकत राहिलो. मान वळवून बघितलं, फळी सपाट चालली होती. एक दगडसुद्धा उडत नव्हता. मला बरं वाटलं. मी मोठ्यानं ओरडलो, "सरी! सरी!"

म्हणजे, छान चाललंय, असंच चालू दे.

रिक्षावाल्यानं सरी म्हटलं तर सुनेला बरोबर कळतं. बाजारात ती स्वतःही म्हणते. पण सकाळपासून आमचं मराठीतून ज्या शब्दावर वाजलं होतं, तोच शब्द सासरा पाठीमागून ओरडला, दोनदा. तिला वाटलं, म्हातारा शेवटी वळला. तिनं दांडा दाबला, फळीचं एक टोक जमिनीत घुसवलं, आणि माझ्या तळहातासारख्या अंगणाच्या मधोमध सरी ओढायला घेतली.

इंजिनाचा सूर बदलला, म्हणून मी वळलो. बघतो तर तांबडी माती एका बाजूला उलटी पडत चाललेली. गुडघ्याएवढी चर. अर्ध्या अंगणापर्यंत गेली होती.

"साकु! थांब! बेडा!" पुरे, नको, कानडी-मराठीत काय काय ओरडलो. तिला काही ऐकू जाईना. तिला वाटलं असेल, मामा हुरूप देतायत.

मग मी करू नये ते केलं. धाकट्याला पुढचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. म्हटलं, साखळीनं ओढून थांबवतो. थोरला तो थोरला. साखळी तटतटली, धाकट्याची मागची चाकं जागच्या जागी मातीत रुतली, आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. हातभर. समोर उजवीकडचं कुंपण होतं, ते खाली गेलं आणि नुसतं आभाळ दिसायला लागलं. या यंत्रांची मला खोड माहीत आहे. आणखी थोडं उचललं की ते पाठीवर उलटतं आणि माणूस खाली सापडतो. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी माझा पाय क्लचवर जाईना. पाय दाबला म्हणजे ती सरी मी मान्य केली, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

बायको गुडघा विसरून उभी राहिली. "अहो, सोडा! सोडा म्हणते ना!"

पाय दाबला. धाकटा दाणकन खाली आला, माझे दात एकमेकांवर आपटले. आणि साखळी सैल झाली तसा थोरला उसळून पुढं गेला. ब्रेक नाही, भिंत समोर. शेजाऱ्याचं डोकं दिसेनासं झालं. सुनेनं दांडा होता तेवढा खाली रेटला. फळी खोल रुतली, पुढं मातीचा ढीग साचला, आणि थोरला त्या ढिगात नाक खुपसून थांबला. भिंत तिथून वावभर होती.

दोन्ही इंजिनं बंद पडली. मग सून मातीनं माखलेली खाली उतरली आणि मलाच म्हणाली, "मामा, मधेच ओढलंत कशाला?"

"तू माझं अंगण फाडलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, सरी."

मी तोंड उघडलं आणि पहिला थेंब माझ्या टकलावर पडला.

चर बुजवायला वेळच मिळाला नाही. त्या पावसाला सुरुवात नव्हती, तो एकदम होता. आम्ही ओसरीत पोचेपर्यंत रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत यायला लागलं. ओसरीला तीन पायऱ्या, वर उंबरा. मुलगा यंत्र कानातून काढून माझ्या शेजारी उभा राहिला. दोघंही पायऱ्यांकडं बघत होतो.

पाणी उतारावरून आलं, मी केलेल्या उतारावरून, आणि सरीत उतरलं. डावीकडं पळायला लागलं. मी श्वास सोडला. थोड्या वेळानं ते पळायचं थांबलं. सरी काठोकाठ भरली, पाणी फुगलं आणि परत आमच्याकडं यायला लागलं. पहिली पायरी बुडाली.

"ढीग," सून म्हणाली. सरीच्या तोंडाशी थोरल्यापुढं साचलेली माती गटाराची वाट अडवून बसली होती.

"अप्पा, राहू दे आता," मुलगा म्हणाला. "मी गॅसची टाकी वर घेतो. आई, तू आतल्या पलंगावर बस."

दुसरी पायरी बुडाली. मी फावडं उचललं. खांदा वर जात नव्हता, तर डाव्या हातानं धरलं. सून माझ्याआधीच पाण्यात उतरली होती, हातात घमेलं. आम्ही त्या ढिगापाशी गेलो. मी खणायचा प्रयत्न करत होतो, ती घमेल्यानं उपसत होती. माती चिखल होऊन परत खाली घसरायची. माझ्या चपला कधी गेल्या कळलं नाही.

"मामा, मधे नको, कडेला! भिंतीकडनं फोडा!"

एरवी मी ऐकलं नसतं. फावडं कडेला घातलं आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. बोटभर फट पडली. पाणी त्या फटीत शिरलं, मग त्यानंच ती रुंद केली, आणि सगळा ढीग खचून गटारात गेला. पाण्याला इतकी ओढ होती की सुनेनं माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

परत आलो तेव्हा तिसरी पायरी ओली होती. उंबरा कोरडा. मी वाकून हात फिरवून बघितला, मुलाला दिसेल असा.

त्यानंही बघितलं. मग अंगणाकडं बघून म्हणाला, "सकाळी तर म्हणत होतात, नाला नको. ही सरी काढायला कुणी सांगितली?"

"मामांनीच," सून केस पिळत म्हणाली. "दोनदा सांगितली."

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कानडी सरी आणि मराठी सरी दोन्ही कळतात, आणि मीही कळतो. मी फावड्याचा चिखल पुसायला घेतला. दोनदा म्हणालो होतो, यात खोटं काही नव्हतं.

पाऊस थांबल्यावर मुलगा आत जाऊन गाडीची किल्ली घेऊन आला. "आम्ही निघतो अप्पा. सिल्क बोर्डच्या चौकात अडकू नाहीतर."

"सरी," मी म्हणालो.

सून थबकली आणि खाली चरीकडं बघून म्हणाली, "आणखी एक काढायची?"

"निघ तू," मी म्हणालो. "आणि पुढच्या शनिवारी ये. तुझ्या सरीचे काठ ढासळलेत, आणि तुझी सासू ओलांडणार कुठून ते बघायचंय. सिमेंटची एक फळी टाकू."

"तुमची सरी, मामा," ती म्हणाली आणि गाडीत बसली.