सतराचं चाक

मतीन मिस्त्रीला निवांत टेकून बसलेला तुमी कधी बघितला असंल तर मला येऊन सांगा, मी तुमाला चहा पाजतो. शाळेपासनची दोस्ती हाय आमची. पण हा माणूस खाली बसलेला म्या उभ्या जन्मात एकदाच बघितला, आन् त्याला माझीच मोटरसायकल कारण झाली.

पाटोद्यात बसस्टँडच्या मागं त्याचं गॅरेज हाय. वय चौतीस, अंगानं काडी, नखात कायम ऑइल. गाडी खोलतो तीबी उकिडवा, आन् मधीच उठून रस्त्यापर्यंत चक्कर मारून येतो. गिऱ्हाईक वैतागतं, "मिस्त्री, कुठं चाललाव?" तर म्हणतो, "कुठं न्हाई, पाय आखडले." त्याचे अब्बा रहमतुल्लाचाचा समोरच सीताफळाचा गाडा लावतात. ते म्हणतात, "ह्याला लहानपणी झोळीत घातला तर झोका देयाची गरजच न्हाई पडली." मी मुळात तापट माणूस. मला समोरचा जरा स्थिर लागतो. ह्याच्याशी माझी दोस्ती कशी टिकली, देवाला ठाऊक.

पळण्याचा नाद पोलीस भरतीपासनं लागला. त्या साली साहेब पळण्यात पहिले आले आन् उंचीत एका सेंटीमीटरनं बाद झाले. दुसरा कुणी असता तर रडून गप बसला असता. हा म्हणला, उंची आपल्या हातात न्हाई, पाय तर हायेत. मग जिथं पळायचं दिसंल तिथं हा हजर. आमच्याकडं पुढाऱ्याचा वाढदिवस आला की 'भव्य मॅरेथॉन' असती, पाच किलोमीटरची! अशा आठ-दहा मॅरेथॉन त्यानं मारल्या. मिळालेल्या कपांत आता नटबोल्ट ठेवतो. खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असती, आन् वर थोडे मीटर, हे कळलं तवा मात्र गड्याची झोप उडाली. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात संभाजीनगरला पहिल्यांदा पळाला. तीन तास चौदा मिनिटं. येताना एस्टीत मला म्हणला, "हन्या, आता तीनच्या आत यायचं." म्या म्हणलं, "आदी एस्टीतनं उतरून दाखव." पाय असे धरले होते की पायऱ्या उलट्या तोंडानं उतरला.

मी वाड्यावस्त्यांवरनं दूध गोळा करतो आन् पाटोद्यात केंद्रावर नेऊन घालतो. रविवारी कॅन रिकामे झाले की मतीनच्या शेजारनं गाडी चालवायची, पाणी द्यायचं, मीटर बघून अंतर ओरडायचं आन् दुधाच्या वहीच्या मागल्या पानावर वेळ लिहायची, हे माझं काम. वस्त्यांच्या रस्त्याला किलोमीटरचे दगड कुठले? माझ्या गाडीचं मीटर हाच आमचा दगड. रिकाम्या कॅनचा खडखडाट, मागं कुत्री, आन् मी बोंबलतोय, "अकरा झाले! चार मिनिटं नऊ! लेका, म्हातारी पळती का?"

गेल्या मे महिन्यात एका वस्तीवर लोकांनी स्वतःच घातलेल्या गतिरोधकावर माझी गाडी उडाली. पुढलं चाक पार वाकडं. मतीननं भंगारातनं दुसऱ्या गाडीचं चाक काढलं, आसाचं बुश घासून घासून बसवलं आन् म्हणला, "बघ, कंपनीला जमणार न्हाई असं बसलंय." खरंच, गाडी मस्त चालाया लागली. ॲव्हरेजबी वाढलं. मी गावभर सांगत सुटलो, मतीनच्या हाताला गुण हाय म्हणून.

जूनपासनं त्याची वेळबी धडाधड उतरली. सप्टेंबरात बत्तीस किलोमीटर त्यानं दोन तास तेरा मिनिटांत काढले. मी गाडीवरच नाचलो. एकदा फोन कमरेला बांधून पळून बघितलं, तर मीटर म्हणलं दहा आन् फोन म्हणला नऊ पूर्णांक चार. मतीन हसला. "उपग्रह वरनं बघतो, चाक रस्त्याला टेकून चालतं. खरं कुणाचं?" म्या म्हणलं, चाकाचंच की. दोघा शहाण्यांनी मिळून फोनला खोटं पाडलं.

घरात मात्र येगळंच पेटलं होतं. त्याची बायको अनिसाभाभी शिलाईकाम करती. बाई बोलायला गोड, पण एकदा बोलली की बोलली. लग्नाला नऊ वर्षं झाली, आन् नऊ वर्षांत एक रविवार तिच्या वाट्याला आला न्हाई. लेकीच्या, अलमासच्या, शाळेचं गॅदरिंग झालं तवा हा रस्त्यावर. मेव्हणीच्या निकाहात भिंतीला टेकून उभ्यानं झोपला. सप्टेंबरात एक दिवस माझ्यासमोरच भाभीनं तोंड उघडलं.

"तुमी पळता आन् मी थांबते. नऊ वर्षं थांबलेलीच हाय मी. आता काय ते एकदा ठरवा."

मतीन जोरात होता. त्यानं माझी वही तिच्या पुढं धरली. "हे वाच. बत्तीस किलोमीटर."

भाभीनं पान नीट वाचलं. "ह्याच वेगानं बेचाळीसला किती होतेत?"

"दोन तास पंचावन्न."

"मग ह्या डिसेंबरातल्या संभाजीनगरच्या शर्यतीत पाच मिनिटं मी सोडून देते. तीन तास. त्याच्या आत आले तर जन्मभर पळा, मी एक शब्द काढणार न्हाई. न्हाई आले तर बूट माझ्या हातात द्यायचे."

"दिला शब्द," मतीन म्हणला.

 मतीनचं पळणं बंद झालं तर रविवारी माझ्या गाडीशेजारी कोण? खरं सांगतो, मला त्याच्याशिवाय दुसरा दोस्त न्हाई.

शर्यतीला नऊ दिवस राहिले असताना मी बीडला गेलतो. पुढला टायर झिजलाय म्हणून एका दुकानावर गाडी लावली. दुकानदारानं चाकाकडं बघितलं, मग मीटरकडं, मग माझ्याकडं.

"कुण्या येड्यानं बसवलं हे? गाडी अठरा इंची चाकाची, हे सतराचं हाय. मीटर पुढल्या चाकावर चालतं. चाक लहान, म्हणून फेरे जास्त, म्हणून मीटर पुढं पळतंय. शंभरामागं सहा किलोमीटर तरी खोटे असतेल. तुमचं ॲव्हरेजबी खोटं."

 तिथंच बाकड्यावर बसून वही काढली. बत्तीस म्हणजे खरे तीस. चार मिनिटं नऊ सेकंदांचा किलोमीटर म्हणजे खरा चार पंचवीसचा. बेचाळीसला लावलं तर तीन तास सहा मिनिटं. चारदा मांडलं, चारदा तेच आलं. म्हणजे आमी अख्खा पावसाळा आन् निम्मा हिवाळा एका खोट्या चाकामागं पळत होतो!

आता काय करावं माणसानं? सांगावं तर नऊ दिवस आदी त्याचं काळीज फाटंल. न सांगावं तर तो खोट्या भरवशावर सुसाट सुटंल आन् तिसाव्या किलोमीटरला आडवा हुईल. तीन दिवस मला घास गिळंना. वस्तीवरच्या साखराबाईवर दुधात पाणी हाय म्हणून खेकसलो, बिचारीच्या दुधात काईबी नव्हतं. गॅरेजवर तीनदा गेलो. तिथं मतीनची तऱ्हा आणखीच. शर्यतीच्या आदी पळणं कमी करायचं असतं, पायाला आराम द्यायचा, आन् ह्याला आरामच सोसंना. आवळलेले नट पुन्ना आवळत होता. दारातनं आत, आतनं दारात.

"हन्या, पाय नुसते चावतेत बे. जीव कुठं लागंना."

"टायर बदलला," म्या म्हणलं.

"चांगलं केलं," तो म्हणला, आन् मी तसाच माघारी आलो. तिन्ही वेळा.

चौथ्या दिवशी तो घरी नसताना मी त्याच्या घरी गेलो. भित्र्या माणसाला असलंच सुचतं. भाभी मशीनवर होती. मी उंबऱ्यातच सगळं ओकलो, सतरा, अठरा, तीन तास सहा मिनिटं. मशीन थांबली.

"त्यांना सांगितलं?"

"न्हाई. भाभी... न्हाई सांगितलं तर तुमचंच काम होतंय की." जीभ झडावी माझी, पण बोलून गेलो.

भाभीनं असं बघितलं, मला वाटलं आता कात्री येती अंगावर. "हनुमानभाऊ, मला माझा माणूस रविवारी घरात पायजे. संभाजीनगरच्या रस्त्यावर परक्या लोकांत पडलेला न्हाई पायजे. आत्ताच्या आत्ता जा. न्हाई तर मी जाते."

गेलो. सांगितलं.  मतीननं खडू घेतला, टायरवर रेघ मारली, खाली फरशीवर मारली, गाडी ढकलत चाकाचा एक फेरा केला, तिथं दुसरी रेघ. टेपनं मोजलं. पुन्ना मोजलं. मग भंगारातनं माझी जुनी वाकडी रिम काढली आन् नव्या चाकाशेजारी धरली. डोळ्यांनी दिसत होतं. मे महिन्यातबी दिसलं असतं, धरून बघितलं असतं तर.

मला वाटलं शिव्या देईल, चाक फेकून देईल. तर म्हणतो, "हन्या, अजून कुणाकुणाच्या गाडीला म्या असं केलं असंल?"

शर्यत राहिली बाजूला, त्याच्यातला मिस्त्री मेला होता. मला लई वाईट वाटलं, रडू यायला लागलं, म्हणून मी ओरडलो, "अबे, मिस्त्रीगिरी नंतर! पळणार का न्हाई ते बोल!"

तो उठला. रस्त्यापर्यंत गेला, परत आला, पुन्ना गेला. मग म्हणला, "पळणार. तीनच्याच वेगानं पळणार. शब्द दिलाय तर दिलाय."

"सांग की भाभीला, चाक चुकलं म्हणून."

"चाक म्या बसवलंय. त्याचा दंड ती कावून भरंल?"

संभाजीनगरला त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. सुटायच्या आदी तो जागच्या जागी उड्या मारत होता आन् मी जागच्या जागी नखं खात होतो. रस्त्यावर दर किलोमीटरला पाटी, इथं मीटरची भानगड न्हाई. अर्ध्यावर आला तवा एक तास एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद. बरोब्बर! मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. पण छत्तिसाव्या किलोमीटरला आला तवा तोंड पांढरं, मान एका अंगाला, आन् पाय उचलायच्या जागी ओढत होता. मी चपलांवरच त्याच्याबरोबर शंभर-दीडशे पावलं पळालो. "मतीन, म्हातारी पळती का बे! उचल पाय!" त्यानं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मी रिक्षा करून शेवटच्या कमानीवर गेलो.

कमानीवरच्या घड्याळात दोन एकोणसाठ झालं. रस्त्यावर तो दिसंना. तीन वाजायला दहा सेकंद, पाच सेकंद, आन् तीन तास झाले. मी घड्याळाला शिवी दिली. तो वळणावर दिसला तवा एक मिनिट वर गेलं होतं. वेळ उलटून गेली हे त्याला समोर दिसत होतं, तरी पळतच आला, एक पाऊल चालला न्हाई. तीन तास दोन मिनिटं आठ सेकंद. गेल्या वेळेपेक्षा बारा मिनिटं कमी. आयुष्यात इतकं जोरात तो कधी पळाला नव्हता, आन् त्याचा काई उपयोग नव्हता.

कमान ओलांडून तो फुटपाथकडं गेला आन् बसला. उकिडवा न्हाई, फतकल मारून, झाडाला पाठ टेकून. मला ते बघवंना. तो बूट काढाया लागला. नाडी सुटंना. शेवटी बूट तसेच ओढून काढले आन् माझ्या हातात दिले.

"फोन लाव तिला."

म्या स्पीकरवर लावला.

"तीन तास दोन मिनिटं," तो म्हणला. "हरलो. बूट हन्याकडं दिलेत."

  ती दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलतात, पण मीबी ऐकावं म्हणून असंल, भाभी मराठीत बोलली.

"मी तीन तास कावून म्हणलं होतं, ध्यानात हाय? तुमी वही दाखवली. दोन पंचावन्न झाले, त्यात पाच मिनिटं मी सोडली. वही खरी असती तर तीन तास सहा झाले असते. त्यात माझी पाच. तीन तास अकरा. तुमी त्याच्या आतच आले."

"अनिसा, चूक माझी हाय. शब्द म्हणजे..."

"तुमाला खोट्या मीटरवर जिंकायचं न्हाई. मग मी कावून जिंकू?"

  हातातले बूट मला जड झाले.

"बूट घाला आदी," भाभी म्हणली. "रस्त्यावर काचा असतेत. आन् घरी आल्यावर ते चाक काढा, मग नव्यानं ठरवू. पण पळायचं ते शनिवारी. रविवार माझा." आन् फोन ठेवला.

मतीननं तोंड ओंजळीत घेतलं आन् लहान लेकरागत रडला. येणारे-जाणारे बघत होते. माझेबी डोळे वाहत होते, पण मी त्याला हाणला खांद्यावर. "उठ बे. एस्टी चुकंल."

"बसू दे की जरा," तो म्हणला. "बरं वाटतंय."

मग मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आन् त्याचा एकेक पाय मांडीवर घेऊन त्याला बूट घातले.