वाळवणाचं मैदान आणि माझा अर्ज

"कोनाला इचारायचा?" असं म्हणून ती डोक्यावरची मासळीची पाटी उतरवायची आणि जिथे उतरवली तिथेच बैठक मारायची. मग ती शाळेची पडवी असो, देवळाची पायरी असो, नाहीतर बोईसर स्टेशनचा फलाट. एकदा नव्याने आलेल्या एका तिकीट तपासनिसाने तिला पाटी हलवायला सांगितलं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नवा दिसतोस रे पोरा. ही माजी जागा हाय. तू तुज्या जाग्यावर उबा ऱ्हा." तो खरोखरच दोन पावलं मागे सरला. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो.

सगळं गाव तिला बाय म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरच्या अलीकडे, मच्छीमारांच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. वय सव्वीस, अक्षर वळणदार आणि अक्कल बेताची. पैकी अक्षराचं तेवढं मला माहीत होतं.

गाव आणि समुद्र यांच्या मधे एक मोकळं मैदान होतं. पावसाळा सोडला तर तिथे कायम बांबू रोवून बोंबील वाळत टाकलेले असायचे. फक्त चैत्रातले तीन दिवस ते रिकामं व्हायचं. अष्टमीच्या सुमाराला समुद्राचा जोर ओसरतो, पाण्याला ओढ राहत नाही, जाळी लावून काही हाती लागत नाही. त्या दिवसांना तिकडे भांग म्हणतात. होड्या किनाऱ्याला आणि पुरुष घरी. मग रामनवमीला धरून तीन दिवस त्या मैदानावर गाणंबजावणं चालायचं. कुंभवलीची, उमरोळीची भजनी मंडळं यायची, डोंगराकडून तारपा वाजवणारे यायचे. अध्यक्ष नाही, पाहुणा नाही, बक्षीस तर नाहीच. ऊन कललं की सुरू आणि दिवेलागणीला बंद.

बायला गाता येत नव्हतं. तिचा आवाज बाजारात मासळी विकून तयार झालेला. आरतीत तिने तोंड उघडलं की पेटीवाला मुकाट्याने भाता मिटून घ्यायचा. तिचं काम वेगळं होतं. अष्टमीच्या सकाळी मैदानातला पहिला बांबू तिने उपटायचा, त्याआधी कुणी हात लावायचा नाही. मग बाकीच्या बायका आपापले बांबू काढायच्या, जमीन झाडून सारवायच्या. कुठलं मंडळ कुठे बसेल तेही तीच ठरवायची. पालघरचा एक पेटीवाला नाकाला अत्तराचा रुमाल लावून बसायचा. "त्याला वाऱ्याच्या अंगाला बसवा रे," ती ओरडायची, "नायतर मेला सूर सोडून नाक धरल."

तिचा नवरा मृदंग वाजवायचा. मी त्या गावात जाण्याच्या आधीची गोष्ट, एका माघात त्याची होडी परतली नाही. दोन महिन्यांनी चैत्र आला. यंदा गाणं नको, असं गावाने ठरवलं. अष्टमीला सकाळी बाय एकटीच मैदानावर गेली आणि तिने बांबू उपटला. "तो दर्यात गेला. जागा कुटं गेली?" एवढंच बोलली म्हणे. एक साल मोडलं की जागा मोडली, अशी तिची समजूत होती. या समजुतीला कायद्यात वहिवाट म्हणतात, हे मला पुढे एका वकिलाने सांगितलं. फार पुढे.

मग बोईसरच्या बाजूला मोठी कामं निघाली. जीपगाड्या धुरळा उडवत फिरायला लागल्या. एके दिवशी मैदानाच्या चारी कोपऱ्यांत चुना फासलेले दगड दिसले. गाव घाबरलं. मी नाही घाबरलो, कारण मला अर्ज लिहिता येत होता.

"बाय, आपण कागद करून घेऊ," मी म्हणालो. "लेखी परवानगी असली की कुणाची हिंमत नाही."

"परवानगी कोनाला इचारायचा? आमच्या आजेसासूनं तितं बांबू रोवला हाय."

"आजेसासूचा कागद आहे का?"

"बोंबील वाळवायला कागद लागतो काय?"

जमलेली माणसं पोट धरधरून हसली. मला मात्र ते झोंबलं. पंधरा दिवस मी तिच्या आणि गावाच्या मागे लागलो. दिवस बदललेत, राज्य कागदाचं आहे, वगैरे जे काही शिकलेली माणसं बोलतात ते सगळं बोललो. शेवटी ती शाळेत आली. "तुमी शिकलेली मानसं," ती म्हणाली. "तुमी सांगता तर करते."

तो अर्ज मला अजून पाठ आहे. 'सदर जागा सरकारी मालकीची असून चैत्र महिन्यात तीन दिवसांकरिता ती आम्हांस वापरू देण्याची कृपा व्हावी.' मी पडवीत उभा राहून तो मोठ्याने वाचून दाखवला. स्वतःच्याच भाषेवर खूश होतो.

"थांबा," बाय म्हणाली. "सरकारी कवा झाली?"

"लिहायची पद्धत असते, बाय."

"आनि वापरू द्यायची? आमच्याकडं नाय काय ती?"

"अहो, पद्धत असते ती."

तिने पदराला हात पुसले. मग अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

परवानगी आली! गोल शिक्का, खाली सही. त्या चैत्रात पहिलं भजन सुरू होण्याआधी मी तो कागद मैदानावर वाचून दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाय पहिला बांबू उपटत होती तेव्हाही मी शेजारी कागद धरून उभा होतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का. गावात माझा भाव वाढला. लोक लग्नाच्या आमंत्रणापासून भांडणाच्या तक्रारीपर्यंत सगळं माझ्याकडून लिहून घ्यायला लागले. आज हे आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

तिसऱ्या वर्षी उत्तर आलं, की सदर जागा सामान साठवण्याकरिता दिलेली असल्याने परवानगी देता येत नाही.

आम्ही दहाबारा जण कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही. तिथला साहेब सभ्य होता, त्याने बायला खुर्ची दिली. बायने त्याला आजेसासू सांगितली, नवरा सांगितला, भांग म्हणजे काय ते सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल उघडली.

"आजी, हा अंगठा तुमचाच ना?"

"माजाच."

"जागा सरकारी आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय. तुम्ही तीनदा मागितलीत, आम्ही दोनदा दिली. या खेपेला देता येत नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. उलट, तिने एकदाही मागितली नसती तर त्याला नाही कशाला म्हणावं हेच कळलं नसतं. बायने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो.

परत येताना रस्त्याने ती माझ्या बरोबरीने चालत होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "मास्तर, त्या कागदावरचा माजा आंगटा तेवडा काडून घेता येल काय?"

"नाही येत, बाय."

"लावला तर तुमीच ना?"

 

पावसाळ्याआधी मैदानाला काटेरी तार पडली आणि आत लोखंडाच्या सळ्या आल्या. बायकांनी बोंबील घरांच्या मागे, दाटीवाटीने वाळवायला घेतले. उत्सव मात्र बंद पडला नाही बरं का! बोईसरच्या रस्त्याला एक हॉल झाला होता, तिथे हलवला. नोकरदारांच्या सोयीने रविवारी. खुर्च्या आल्या, माइक आला, प्रमुख पाहुणे आले. आभार मानायला मी होतो.

तो रविवार ऐन उधाणाचा निघाला. समुद्राला जोर, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या होड्या बाहेर. बाय आली होती. खुर्च्यांच्या रांगांकडे पाहत भिंतीला टेकून उभी राहिली.

"आपली होडीवाली कुटं?" तिने मला विचारलं.

"समुद्रात."

"मंग ह्यो कार्यक्रम कोनाचा?"

पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच ती निघून गेली. त्यानंतर त्या हॉलमध्ये तिने पाऊल ठेवलं नाही. शाळेत मात्र येत राहिली. जाताना माझ्यापुढे दोन बोंबील ठेवायची, पूर्वीसारखेच. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. ती सुटका तिने मला दिली नाही.

दोन वर्षांनी, पौषातल्या भांगात ती गेली. पुरुष सगळे घरी होते. त्या गावची रीत होती, की मेलेल्या माणसाला स्मशानात नेताना वाटेत मैदानावर टेकवायचं आणि एक भजन म्हणून पुढे न्यायचं. तार पडल्यापासून ती रीत बंद झाली होती. पण बायसाठी गाव हटून बसलं. तिला फाटकापर्यंत नेलं. फाटकाला कुलूप. पहारेकरी परमुलखातला, तो तरी काय करणार? "साहब की चिट्ठी लाओ," म्हणाला.

तिरडी तिथेच ठेवून दोघे जण माझ्याकडे धावत आले. "मास्तर, दोन वळी लिवून द्या."

मी उभ्याउभ्याच लिहिलं. हात सवयीने चालला. 'अर्ध्या तासाकरिता सदर जागा वापरू देण्याची कृपा व्हावी.' मी स्वतः तो कागद पहारेकऱ्याकडे नेऊन दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि इथले साहेब चार वाजता येतील म्हणाला.

मला वाटत होतं, आता कुणीतरी उठेल. पन्नाससाठ दांडगे पुरुष होते, घरोघरी कोयते होते, ती तार तोडायला कितीसा वेळ लागला असता! कुणी उठलं नाही. टाळमृदंग घेऊन सगळे तारेबाहेर उन्हात बसले होते. मधे तिरडी. चार वाजून गेले.

शेवटी मलाच राहवेना. ज्याच्या शेजारी मी बसलो होतो तो म्हातारा बायच्या नवऱ्याच्या होडीवर कामाला असायचा. मी त्याला म्हणालो, "बाबा, इथे रस्त्यावरच म्हणा भजन. रस्ता कुणी अडवलाय?"

त्याने फाटकाकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला समजावलं, "थांबा मास्तर. कागद येऊ दे."

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. अंधार पडायच्या आत तिला तशीच पुढे नेली.