रपटा बंद हाय

गावातून चिखलीकडे निघालं की तीन किलोमीटरवर नदी लागते आणि नदीवर रपटा. रपटा म्हणजे आमच्याकडचा बुटका पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्या खालून कमी आणि वरूनच जास्त जातं. रपट्याच्या गावाकडच्या टोकाला माझं पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानामागे शंभरेक पावलांवर, शेतातच, घर. मधे बाभळींची रांग आहे, त्यामुळे घरातून पाणी दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या शंभर पावलांचंच आहे.

पाऊस लागला की माझा फोन सुरू होतो. चिखलीच्या स्टँडवरून जीपवाले विचारतात, एसटीचे ड्रायव्हर विचारतात, दूधवाला, शाळेचे मास्तर, दवाखान्याची तारीख असलेले म्हातारे, सगळे विचारतात. प्रश्न एकच, पाणी किती? रपट्याच्या कडेला जे दगड रोवलेले आहेत त्यातल्या एकावर मी ऑइल पेंटने तीन पट्टे मारून ठेवले आहेत. पांढऱ्यापर्यंत पाणी असलं तर सगळं जातं. पिवळ्यापर्यंत आलं तर जीप आणि ट्रॅक्टर जातात, दुचाकी नाही. लाल बुडाला की बंद.

दुसरा रस्ता आहे, पण तो गावातूनच फुटतो आणि दोन गावं फिरून चिखलीला निघतो. अंतर अडीच पट, आणि मधला तुकडा कायमचा उखडलेला. म्हणून माणसाला गावच्या चौकातच ठरवावं लागतं, इकडून की तिकडून. रपट्यापर्यंत येऊन माघारी फिरलं की अर्धा तास गेलाच. ते ठरवण्याआधी लोक मला फोन करतात. मी बंद म्हटलं की दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, गाडी वळवतात. अशी रीतच पडून गेली आहे. आमच्या भागातली वाहतूक पुरात कशी टिकते, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच आहे की ती एका पंक्चरवाल्याच्या शब्दावर टिकते. फुशारकी म्हणून नाही सांगत. पावसाळ्यात फोन वाजला की उचलायच्या आधी मी आभाळाकडे पाहतो, ते याचमुळे.

माझा एक मित्र आहे. चिखली ते गाव काळी-पिवळी जीप चालवतो. आम्ही एकाच वर्गात नापास झालो, तेव्हापासूनची ओळख. ईदेला त्याच्या घरून शीरखुर्मा येतो, पोळ्याला आमच्या घरून पुरणपोळ्या जातात. त्याची मोठी पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, त्या वर्षाची ही गोष्ट.

ही गोष्ट घडली त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एक चूक केली होती. दुचाकीवाल्याने विचारलं, मी म्हटलं, जमते. पाणी पिवळ्याच्या जरासं खाली होतं. तो मधोमध आला आणि त्याची गाडी सरकली. माणूस बाभळीच्या खोडाला धरून वाचला, गाडी दोन दिवसांनी चिखलात सापडली. लोकांनी मला भर दुकानात ऐकवलं. एक म्हातारा तर म्हणाला, पंक्चर काढत जा, जीव नको काढू लोकाचे. त्या दिवसापासून मी मनात एक हिशोब पक्का केला. चालू म्हटलं आणि काही झालं तर माझ्या अंगावर येतं. बंद म्हटलं तर कोणाला फार तर फेरा पडतो, शिव्या पावसाला बसतात. बंद म्हणणाऱ्याला कोणी कधी जबाबदार धरत नाही.

सप्टेंबरातली भर दुपार होती. सकाळपासून पाऊस कोसळत होता. साडेअकराला मी पाणी पाहिलं होतं, लाल पट्ट्याला टेकत आलं होतं. दुकान बंद करून घरी येऊन जेवायला बसलो. एकच्या सुमाराला मित्राचा फोन आला. मागे बायांचा गलका ऐकू येत होता.

"पोरीच्या पोटात लय दुखून राह्यलं. दाई म्हणते, आताच्या आता चिखलीले न्या. रपटा कसा हाय?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. पत्र्यावर पाऊस वाजतच होता, जरा कमी झाल्यासारखा, पण वाजत होता. बायको चुलीजवळून म्हणाली, "पाहून तं या. किती लांब हाय?" मी तिला हातानेच गप्प केलं आणि फोनमध्ये म्हटलं, "बंद हाय. फिरून जा."

त्याने एक शब्द जास्तीचा विचारला नाही. "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी जेवण पूर्ण केलं. हे लिहायला मला सहा वर्षं लागली. मी ताकाची वाटीसुद्धा संपवली. मग छत्री घेऊन दुकानाकडे गेलो. पाणी पांढऱ्या पट्ट्यावर चार बोटं होतं. वरच्या अंगाला पाऊस केव्हाच थांबला असावा, नदी दोन तासांतच उतरली होती. माझ्या डोळ्यांसमोर एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट निघून गेला. ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून रामराम केला, मीही केला.

मित्राला निघून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. म्हणजे तो पहिल्या गावाच्या आसपास होता, उखडलेला तुकडा अजून पुढेच. तिथून वळून माझ्याकडून गेला असता तरी अर्धा तास वाचला असता. मी फोन काढला, त्याचं नाव समोर आणलं. आणि मनात पहिला विचार आला तो पोरीचा नव्हता. मी न पाहताच बंद म्हटलं हे त्याला कळेल, हा होता. मग मी स्वतःला समजावत बसलो, की मधेच वळवलं तर अजून घोळ होईल, पाणी परत चढलं तर काय, तिकडे एव्हाना तो बराच पुढे गेला असेल. दुकानाच्या फळीवर बसून मी हे सगळं इतक्या शांतपणे ठरवलं की आज त्याचीच भीती वाटते. फोन खिशात गेला.

उखडलेल्या तुकड्यात एक माल भरलेला ट्रक आडवा रुतला होता. तिथे त्यांची चाळीस मिनिटं गेली. दवाखान्यात पोचल्यावर मूल झालं, मुलगी, पण ती रडली फार उशिरा. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं. पोरगी वाचली, बाळही वाचलं. ती नात आता सहा वर्षांची आहे. पट्ट्यांचे बूट घालून भिंत धरून चालते, तीन-चार शब्द बोलते. त्या अर्ध्या तासामुळेच असं झालं, असं कोणी लेखी दिलेलं नाही. याच फटीतून मी सहा वर्षं श्वास घेतला.

सगळ्यात वाईट म्हणजे मित्राने माझे आभार मानले. चौकात, स्टँडवर, जीपमधल्या सवाऱ्यांना तो सांगायचा की त्या दिवशी याने बरोबर सांगितलं, नाहीतर पोरीसकट आम्ही नदीत गेलो असतो. माझ्या शब्दाचं वजन वाढलं. त्यानंतर मी पावसाळ्यात एकदाही न पाहता उत्तर दिलं नाही. भर पावसात उठून जातो, ताप असला तरी जातो. लोक म्हणतात, काय माणूस आहे. बायको फक्त मी छत्री उचलली की दाराची कडी काढून देते, आणि माझ्याकडे पाहत नाही.

मागच्या पावसाळ्याआधी इंजिनीअरिंग कॉलेजातली दोन पोरं आणि एक मुलगी आली. पूर आला, रस्ता तुटला, तर गावं कशी चालतात याचा अभ्यास करत होती. कोणता रस्ता किती वेळ बंद असतो, दुसरी वाट कोणती, बातमी कशी पोचते, असं सगळं विचारलं. माझे पट्टे पाहून त्यांना फार कौतुक वाटलं, फोटो काढले. मित्र तिथेच बाकड्यावर चहा पीत होता. मुलीने विचारलं, काका, तुमच्याकडून चुकीची माहिती कधी गेली का? मी दुचाकीवाल्याचं सांगितलं. आणखी? मी म्हटलं, नाही. मित्राने कप ठेवला आणि त्यांना त्या दुपारची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मुलीने ती लिहून घेतली. खोटं आता माझ्यापुरतं राहिलं नव्हतं, कागदावर चढलं होतं, आणि पुढे कोणी तरी ते वाचून म्हणणार होतं की इथली सोय चांगली आहे.

पोरं गेली. आठ दिवसांनी जीपचं मागचं चाक बसलं म्हणून मित्र आला. मी जीप जॅकवर घेतली, चाक काढलं, ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवली आणि मग बोलायला सुरुवात केली. मुद्दाम तेव्हाच. चाक नसताना त्याला उठून जाता येणार नाही, हे मला माहीत होतं. भित्र्या माणसाचं कबूल करणंसुद्धा असंच असतं.

सगळं सांगितलं. भाकरी, ताक, पांढरा पट्टा, ट्रॅक्टर. टाकीत ट्यूबमधून बुडबुडे निघत होते, माझं तिकडे लक्षही नव्हतं. मग तो म्हणाला,

"बंद म्हणला, ते समजलं. घाबरला असशील. मंग फोन काऊन नाही केला?"

मी म्हटलं, "तुले समजलं असतं न, मी पाह्यलं नव्हतं म्हणून."

"हाव," तो म्हणाला. "समजलं असतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ठिगळ लावून मी चाक आणलं तर त्याने पान्यासाठी हात पुढे केला. नटबोल्ट त्याने स्वतः आवळले, एकेक, अंगाचा जोर लावून. पैसे देऊ लागला. मी नको म्हटलं, तर नोट बाकड्यावर ठेवून त्यावर दगड ठेवला. आजपर्यंत त्याने कधी पैसे दिले नव्हते आणि मी घेतले नव्हते.

त्याने गावात कोणाला सांगितलं नाही. मी रोज वाट पाहत होतो की आज कोणी तरी दुकानात येऊन बोलेल. कोणी आलं नाही. त्या ईदेला शीरखुर्म्याचा डबा आला, पण दरवेळी डबा घेऊन मित्र स्वतः यायचा, या वेळी दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवला.

मग पाऊस लागला. दर बुधवारी नातीला व्यायामाच्या उपचारांसाठी चिखलीला न्यावं लागतं. पहिल्या मोठ्या पावसाचा बुधवार होता. मी पहाटेपासून रपट्यावरच होतो. साडेआठला त्याचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"पाणी?"

"पिवळ्याच्या खाली एक वीत," मी म्हटलं. "मी इथंच उभा हाय."

"बरं."

दहा मिनिटांनी जीप आली. रपट्याच्या तोंडाशी थांबली. पुढच्या सीटवर नात होती, काचेला नाक लावून पाण्याकडे पाहत होती. तो खाली उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या अंगावरून पुढे गेला आणि दगडाजवळ वाकून त्याने स्वतः पट्टा पाहिला. हाताने पाण्याची ओढ पाहिली. मग परत येऊन बसला आणि गाडी सावकाश पाण्यात घातली. पलीकडे चढेपर्यंत मी दगडाजवळच उभा होतो.

आता दर बुधवारी असंच चालतं. फोन करतो, मी सांगतो, आणि तरी तो उतरून पाहतो. मी त्याच्यासाठी वाट सोडून बाजूला उभा राहतो.