घोडेगावच्या बाजारातला ‘जपानी’ पाहुणा

नगरहून निघालेली कोळशाच्या गॅसवरची मोटार इमामपूरच्या घाटात ठरल्यासारखी धापा टाकू लागली आणि आम्ही निमूटपणे उतरून चालू लागलो. सोबत वांग होता. पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन नगरच्या गल्ल्यांतून हिंडणारा हा चिनी फेरीवाला माझ्या ओळखीचा. लढाईमुळे नवा माल येणं बंद झालं होतं. हे शेवटचं गाठोडं घोडेगावच्या बाजारात विकून त्याला कलकत्त्याला, आपल्या माणसांत जायचं होतं.

चढावर मी विचारलं, “तुमच्याकडे लोक गोऱ्यांना काय म्हणतात?”

“चोर म्हणतात,” तो त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. “बंदर घेतला, अफू विकला. फिर दवाखाना खोला. लोक शिवी देते, औषध लेते. मेरा बाप भी.”

“आणि जपान्यांना?”

“गाव जाळला त्यांनी. आई घरात होती.”



घोडेगावला दावणी (बैल बांधायच्या रांगा) पार रस्त्यापर्यंत आल्या होत्या. वांगने चिंचेखाली गाठोडं सोडलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याचा चेहरा निरखला. सौदा झालेल्या बैलाला लावायचा गुलाल त्याच्या हातात होताच, तो त्याने वांगच्या कपाळाला फासला.

“जपानी पावनं आलं रं! सायबाची लई खोड मोडली तुमी!”

ब्रह्मदेशातून इंग्रज पळाल्याची बातमी इथवर पोचली होती. बघता बघता गर्दी जमली, रेशमाला हात पुढे झाले. वांगच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लोकांना वाटलं, आनंदाने.

मी त्याचा दंड दाबला. नुसता गप्प राहिला असता तरी गाठोडं रिकामं झालं असतं.

“मी जपानी नाही,” तो ओरडला. “चिनी! जपानीने माझी आई जाळली!”

“मंग सायबाचा मानूस हाय का तू?” म्हातारा मागे सरला.

“गोरा भी चोर...”

ऐकतो कोण! “हेर हाय ह्यो!” कुणीतरी म्हणालं आणि गाठोड्यावर लाथ बसली. रेशीम शेणात गेलं.

परतीच्या मोटारीत मी चिडून म्हणालो, “एक दिवस गप्प बसला असतास तर?”

“आई स्वप्नात येते,” तो म्हणाला. “विचारेल, कुणाचं नाव लावून विकलास?”

साहेबाचा राग अख्ख्या बाजाराला होता, त्यालाही होता. तरी त्या बाजारात त्याला उभं राहायला जागा मिळाली नाही. आठवलं की आजही माझं डोकं भडकतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही.