मंजुषाबाईंनी भागीदार पारखली

कारंजा घाडग्यात ब्लाउज शिवणाऱ्या मंजुषाबाईंना भाड्याची खोली सोडून एकदाचं स्वतःच्या जागेत बसायचं होतं. हायवेला लागून एक प्लॉट विकाऊ निघाला. मालक अर्धा तुकडा पाडून द्यायला तयार नाही, अन् पुरा घेणं यांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणजे भागीदार पाहिजे, तोही दिवाळीच्या आत.

बाईंची अट एकच. भावाभावांत शेत वाटताना आमच्याकडे चालते तीच : रेघ एकानं ओढायची, वाटा दुसऱ्यानं आधी उचलायचा.

"ज्याले भागीदार व्हायचं त्यानं रेघ वढा. उचलीन मी."

पहिले आले किराणावाले भैय्याजी. त्यांनी चुन्याची फक्की मारली ती आडवी. पुढं हायवे, मागं नाली.

"पुढचं मले, मागचं तुमाले. बायकांच्या कामाले आडोसाच बरा, नाई का?"

"रेघ तुमी वढली न, भैय्याजी? मंग म्या पुढचा उचलला."

"असं कसं वं बाई! खेळ हाये का हा?"

"खेळ नाई, म्हणूनच तं."

भैय्याजी तणतणत गेले. बाईंचा नवरा हरिदास, ट्रकवर डायवर. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आला माणूस हाकलून राह्यली तू. जागा गेली तं?"

"जाऊ दे. वाकड्या माणसासोबत जलमभर भित वाटून घेऊ का?"

मग त्याच घरमालकाची दुसरी भाडेकरू, शेजारची चक्कीवाली जयवंता आली. चक्कीचं पीठ उडून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांवर बसते म्हणून या दोघींचं भांडण साऱ्या गल्लीला पाठ! तिनं फक्की घेतली अन् हायवेपासून नालीपर्यंत उभी रेघ ओढली. दोन्ही वाट्यांना रोड. पण रेघ मधात नव्हती.

"एका अंगाले जास्त काऊन सोडलं वं?"

"तिकडं विजेची डीपी हाये न. ज्याच्या वाट्याले येईन त्याचं शटर लहान होईन. म्हणून मांगं जागा वाढवली. आता उचला."

मंजुषाबाईंनी दोन्ही वाटे पावलांनी मोजले. मग डीपीच्या बाजूला जाऊन उभ्या झाल्या.

"हा माह्या. माप द्याले बाया पायी येतेत. तुह्या दारात गहू-ज्वारीचे पोते उतरतेत, तुले मोकळं तोंड पाह्यजे."

जयवंता हसली. "भांडनं बंद करायचे का मंग?"

"भांडन आपल्या जागेत करू. घरमालकाचं काय काम?"

खरेदीच्या दिवशी दोघी नव्या लुगड्यात कचेरीत गेल्या. कागद लिहिणाऱ्यानं हरिदासकडे पाहून विचारलं, "भाऊ, तुमचं नाव कुठं टाकू?"

हरिदासची छाती फुगली होती.

"माह्यं नाई. घेनाऱ्या ह्या दोघी. म्या गाडीत बसवून आनलं फक्त."