ट्रकचे पाटे

दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, भंगारातले ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवून जीप वीतभर उंच केली. शिकारीला निघालेल्या संस्थानिकाच्या थाटात ते वर बसत आणि जयसिंगपूरच्या बाजारातून भाजी आणत. ट्रकचे पाटे ओझ्याशिवाय वाकत नाहीत. रिकामी जीप नुसती आपटे. सातव्या महिन्यातल्या बहिणीला त्यांनी त्याच जीपमधून शिवाजी पेठेत, आमच्या घरी आणलं. ती पोट धरून उतरली. दाजी वरूनच आईला म्हणाले, "जरा हादरं बसत्यात. मागं वाळूची पोती टाकली की मऊ चालती."

"मग टाकली का न्हाईत?"

"मागचा रंग खरवडतोय की."

आईने बहिणीचा हात धरला.

"मग खाली उतरूच नका, पावणं. बाळंतपण झालं की पोरगी एष्टीनं यील."