मामांनी बदललेलं तेल

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच ट्रॅक्टरवर होते. वरच्या रानात वखरणी चालली होती. शेजारचे काका बांधावरून हात हलवत आले आणि त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं... सकाळी चहा पिऊन ओसरीवर आडवे झालेले मामा दुपारी उठलेच नाहीत. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या चाकूरकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. आता महिना उलटून गेला, घरातली माणसांची ये-जा थांबली, म्हणून लिहायला बसले आहे.

ते देवमाणूस होते असं मी लिहिणार नाही, त्यांनाच हसू आलं असतं. हेकट होते, तोंडाचे फटकळ होते, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत तर कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. हा ट्रॅक्टर माझ्या नवऱ्याहून वयानं मोठा. अंगणात उभा असायचा, पण खाली तेलाचा थेंब म्हणून नाही. मामा आल्यागेल्याला वाकून बघायला लावायचे. थेंब पडणार कुठून? स्टेरिंगच्या डब्यात जिथं तेल असायला हवं, तिथं त्यांनी वर्षानुवर्षं घट्ट ग्रीस ठासलं होतं. मामा बैलगाडीच्या काळातले. चिंध्यांची राख एरंडेलात खलून केलेलं वंगण त्यांनी लहानपणी गाडीच्या आखाला लावलेलं. वंगण जितकं घट्ट तितकं चांगलं, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनचं. त्यामुळे स्टेरिंग भलतंच जड झालं होतं, पण मामांचे खांदे असे की त्यांना ते कधी जाणवलंच नाही.

मग लातूरला त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर चढायचं नाही म्हणून सांगितलं. नवरा नांदेडला नोकरीला, रविवारी येणार. ड्रायव्हर ठेवावा तर मामांच्या तोंडापुढे एकही टिकेना. रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, द्यायची बोलणी सुरू झाली. मला ते नको होतं. माझ्या माहेरी, कंधारकडे, बटईनं गेलेलं रान पुन्हा आमच्या हाती आलं नव्हतं. एका सकाळी मी विचारलं, "मामा, मी शिकू का?" त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकावर काठी आपटली. मग म्हणाले, "बस वर."

बांधावर काठी टेकून त्यांनी मला शिकवलं, म्हणजे ओरडले. "क्लच हळू सोड की, भांडे घासून राहिलीस का?" मी शिकले. पण रानाच्या टोकाला तास संपलं की वळवताना मला उभं राहून, सगळा भार टाकून चाक ओढावं लागे. मनगटं सुजायची. मी कुणाला बोलले नाही, कारण बोलले असते तर बटईचा विषय पुन्हा निघाला असता. एका दुपारी मामांच्या ताटात मी थापलेली भाकरी वाढली. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. मामांनी ती उलटसुलट करून बघितली, माझ्या सुजलेल्या मनगटांकडे बघितलं आणि खाल्ली. भाकरीवरून काहीच न बोलण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेरिंगचा डबा उघडायला लावला. ग्रीस कडेला भिंतीसारखं वाळून बसलं होतं आणि मधला आटेदार दांडा कोरडा फिरत होता. मामा खाटेवर बसून बघत होते. "च्यायला," ते म्हणाले, "आखाचा कायदा हितं लावून राहिलो की मी. हितलं वंगण तर आपल्याआप दांड्यावर वाहून यायला पायजे."

डबा डिझेलनं धुतला, आणि मामा काठी टेकत माझ्यासंगं उदगीरला दुकानात आले. दुकानदारानं दोन तेलं पुढं केली, नव्वद नंबर आणि त्याहून घट्ट असलेलं एकशेचाळीस. मामांनी दोन्ही चिमटीत चोळून पाहिली, वास घेतला, मग माझ्या बोटांवर लावली. "तू बघ. चालवायचं तुला हाय." मला काय कळणार? तरी मी पातळ त्या नव्वदकडे बोट केलं.

"आजोबा, जुन्या डब्यातून नव्वद गळंल बगा," दुकानदार म्हणाला. "सील बदललं तरी गळंल."

"गळू द्या," मामा म्हणाले. "तेल परत भरता येतंय. पोरीचं मनगट कुठून आणू?"

ते गळलंच. अंगणात काळे डाग पडू लागले. मामी, म्हणजे सासूबाई, कुरकुरायच्या आणि मामा काठीनं माती सारून डाग झाकत बसायचे. गाव त्यांना तात्या म्हणायचं. आल्यागेल्यानं चिडवलं, "तात्या, गळून राहिलाय की तुमचा ट्रॅक्टर," तर म्हणायचे, "हाव, गळतोय. आमची सून चालवती." ते ज्या तोऱ्यात सांगायचे, तसं कौतुक माझं माहेरीसुद्धा कुणी केलं नव्हतं. रान आमच्या हातात राहिलं ते त्या तेलामुळे, असं मी आजही मानते आणि त्यांचे उपकार मानते.

मामा गेले त्या दिवशी त्यांना अग्नी द्यायला आमच्याच रानात न्यायचं ठरलं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. नवऱ्याला विस्तव धरून पुढं चालायचं होतं. चालवायचं कुणी, यावर कुजबुज सुरू झाली. चुलत सासरे म्हणाले, "बाईमाणूस मसणात येत नसते. ड्रायव्हर बोलवा."

मामी प्रेताजवळून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "तेल कुणासाठी बदललं व्हतं त्यांनी? तीच नेईल."

मी चढले. गावाबाहेर ओढ्यापाशी वाट एकदम काटकोनात वळते. मागं ट्रॉलीत मामा होते. मी जागेवरून उठले नाही. चाक नुसत्या हातानं फिरलं आणि ट्रॅक्टर सावकाश आमच्या रानाकडे वळला.